चिंधूबाची पंखवाली माय

ताराचंद कापगते यांनी आयुष्यात एकही लढाई लढली नव्हती, तरी त्यांच्या घरात बेचाळीस विजय होते. लाखांदुरातल्या त्यांच्या समोरच्या खोलीत, सुशीलाबाईंच्या लग्नातल्या कपबश्यांना हुसकावून, शोकेसच्या काचेमागे निळ्या मखमलीवर काशाची बेचाळीस पदकं मांडलेली होती. कोण्या राजानं कोण्या राजाला झोडपलं म्हणून ओतलेली काही, किल्ला घेतला म्हणून पाडलेली काही, आणि दोन-चार अशा युद्धांची, की नेमकं काय जिंकलं ते जिंकणाऱ्यांनाही पुढं आठवलं नाही. ताराचंदरावांना मात्र सगळं आठवायचं. घरी आलेल्या माणसाला चहा येईस्तोवर दोन लढाया आणि चहा संपेस्तोवर तिसरी, असा रिवाज होता. त्यांच्या घरी लोक तोंड भाजेल इतक्या घाईनं चहा पीत.

तेहतीस वर्षं त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. खिडकीत बसून, भोंग्यातून गाड्या सोडता सोडता आपण फौजा हलवतो आहोत अशी त्यांची समजूत झाली आणि निवृत्तीनंतर ती अधिकच पक्की झाली. कोणी याला छंद म्हटलं की त्यांना राग येई. "संग्रह," ते दुरुस्त करीत. सुशीलाबाई 'बिल्ले' म्हणत.

"पराया मानसायचे बिल्ले जमा करून रायले," त्या शेजारणीला सांगत. "ज्यायचे होते त्यायच्या पोरायनं इकून टाकले, अन हे मखमलीवर मांडून रायले."

हे ऐकून ताराचंदरावांना काही वाटत नसे. बायकोच्या बोलण्यानं काही वाटून घ्यायचे दिवस कधीच मागे पडले होते. त्यांना लागलं ते देशकरांचं बोलणं. नागपूरला दर जानेवारीत संग्राहकांचं प्रदर्शन भरे आणि देशकर त्या मंडळाचे अध्यक्ष. मागच्या वर्षी त्यांनी माईकवरून, गोड हसत सांगितलं, "कापगतेजींचा संग्रह सुरेख आहे. फक्त सगळे पाहुणेच आहेत. घरचं कोणी दिसत नाही."

लोक हसले. ताराचंदरावही हसले, आणि परतीच्या गाडीत उमरेड येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत राहिले. कारण ते खरं होतं. अशा पदकांच्या काठावर, ज्याला ते मिळालं त्या शिपायाचं नाव कोरलेलं असतं, आणि त्यांच्याकडच्या काठांवर होते ते लँकेशायरचे थॉमस आणि यॉर्कशायरचे विल्यम. भंडारा जिल्ह्यातला एक माणूस नव्हता. इथून माणसं पहिल्या महायुद्धात गेली होती, हे त्यांनी वाचलं होतं. गेली, मेली, काही परत आली. पण त्यांची पदकं गेली कुठं? तेव्हापासून त्यांना एवढं एकच पाहिजे होतं. आपल्या मातीतल्या माणसाचं नाव असलेलं एक पदक, आणि ते पाहताना देशकरांचा चेहरा.

पदक सापडलं ते दिघोरीत, देवाच्या खोलीत.

दिवाळीनंतर दिघोरीची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, तेव्हा सुशीलाबाईंच्या मावशीकडं, जनाबाईंकडं, दोघं जेवायला गेली. जनाबाई ऐंशीच्या, सासऱ्याच्या वेळच्या गोष्टी तोंडपाठ, आणि घरात त्यांच्या शब्दाबाहेर मांजरही जात नसे. जेवणाआधी जावयानं देवाला हात जोडायचे म्हणून ताराचंदराव आत गेले. देवांच्या ओळीत, पितळी अन्नपूर्णेच्या शेजारी, एक गोल वस्तू हळदीकुंकवानं माखून बसली होती. त्यांनी वाकून पाहिलं. पंख फुटलेली उभी बाई. एक हात पसरलेला, दुसऱ्या हातात डहाळी.

ताराचंदराव तिथंच गुडघ्यांवर बसले. मागं उभ्या बायकांना वाटलं, जवाई मोठे भाविक.

"पंखवाली माय होय थे," जनाबाई म्हणाल्या. "सासऱ्यानं बसऱ्याहून आनली. चिंधूबानं. साहेबाच्या फौजेत खेचरं हाकाले गेले होते ना जी. चार वर्सं पत्ता नाई. घरच्यायनं तेरवी करून टाकली. अन एका दिवशी दारात उभे! संग हे माय. तिनंच वाचवलं म्हनत."

"आणि हातात काय आहे तिच्या?" ताराचंदरावांनी विचारलं.

"धानाची लोंबी. दिसत नाई का? म्हनून तं नव्या धानाची पहिली लोंबी तिले वाहतो आमी."

ती लोंबी नव्हती. विलायतेतल्या कोण्या कारागिरानं काढलेली ती खजुराची डहाळी होती आणि बाई होती विजयाची देवता. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं लाखोंनी वाटलेलं हे विजयपदक. उलट बाजूला इंग्रजीत लिहिलेलं असे की हे युद्ध संस्कृतीसाठी झालं. दिघोरीच्या खेचरवाल्याला त्या संस्कृतीचा काय फायदा झाला हे तिथं लिहिलेलं नसे. तेवढी जागा नव्हती. असलंच एक पदक, थॉमसचं, ताराचंदरावांच्या शोकेसमध्ये होतंच. पण याच्या काठावर, शंभर वर्षांच्या हळदीखाली, चिंधूचं नाव असणार होतं.

जेवताना त्यांना वड्याची चव कळली नाही. हात धुवून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. माय आपल्याला द्यावी, बदल्यात पाहिजे ते मागावं.

"देव इकतेत का कोनी, जवाईबापू?" जनाबाईंनी एवढंच विचारलं, आणि सुशीलाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर त्यानं विषय सोडला असता.

ताराचंदराव सोडणाऱ्यातले नव्हते. ते घरी सगळ्यांसारखीच झाडीबोली बोलत, पण पदकांचा विषय निघाला की पुस्तकी मराठीवर चढत. तसे ते चढले. "मावशी, मुळात ही देवी नव्हेच. हे पदक आहे. युद्ध जिंकल्याबद्दल सरकार देतं, तसं."

"मंग हे बाई कोन होय?"

"ती... ती विजयाची देवता. प्राचीन रोमन लोकांची."

"तं देवीच होय ना," जनाबाई म्हणाल्या.

"तेच तं आमी सांगून रायलो," त्यांचा मुलगा तुलाराम म्हणाला आणि त्यानं पाहुण्यांसमोर सुपारी ठेवली. चर्चा संपली. जगातल्या बेचाळीस लढायांचे डावपेच पाठ असलेला माणूस दोन वाक्यांत आडवा झाला होता.

पण माघार म्हणजे हार नव्हे, असं ताराचंदराव स्वतःला सांगत लाखांदूरला आले. चार दिवस त्यांनी विचार केला, आणि पाचव्या दिवशी त्यांना स्वतःच्या आईचं बोलणं आठवलं. झिजलेला टाक पूजेत ठेवू नये. नाकडोळे गेले की नवा करून बसवावा आणि जुना पाण्यात सोडावा. शंभर वर्षं कुंकवाचं बोट लागून लागून पंखवाल्या मायचं नाक गेलंच होतं. डोळे कुठं होते हेही आठवून सांगावं लागे. जे इतिहासानं जमलं नाही ते धर्मानं जमवायचं, असं या गृहस्थांनी ठरवलं. एरवी मंदिराची पायरी चढताना यांचे गुडघे दुखत.

ते पुन्हा दिघोरीला गेले आणि अत्यंत काळजीच्या सुरात त्यांनी झिजलेल्या टाकाचा दोष सांगितला. जनाबाईंनी माय हातात घेऊन उजेडाकडं धरली.

"नाक तं खरंच नाई रायलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नव्या मायची जबाबदारी माझी," ताराचंदराव म्हणाले. "मी करून आणतो. जुनी फक्त माझ्याकडं द्या. मी स्वतः वैनगंगेत सोडून येतो."

भंडाऱ्यात पितळेचं काम करणारा एक कासार त्यांच्या ओळखीचा होता. त्याला थॉमसच्या पदकाचा फोटो दिला. त्यानं मोठ्या मनानं माय आकारानं तिप्पट केली, आणि बाई उघडीबोडकी दिसते म्हणून विचारल्याशिवाय नऊवारी नेसवली, नाकात नथ घातली, पंखांना मोराची पिसं लावली आणि हातात खरीखुरी भरघोस लोंबी दिली. ताराचंदरावांनी ती पाहिली तेव्हा रोमन लोकांबद्दल त्यांना क्षणभर वाईट वाटलं. दिघोरीत मात्र नव्या मायला पाहून बायांनी कडाकडा बोटं मोडली.

सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तुलारामाचा फोन आला.

"वैनगंगा कायले, भाऊजी? एवढ्या दूर? आपली बोडी हाये ना गावची. माय तिचंच पानी पेली शंभर वर्सं. अन मान तुमचाच. नवी माय जावयानं आनली, तं जुनी बी जावयानंच सोडाची. उद्या सकाळी उपाशीच या. भजनवाले सांगून ठेवले."

बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. ताराचंदरावांनी फोन ठेवला. शंभर वर्षांनी सापडलेलं पदक, आणि ते सगळ्या गावासमोर स्वतःच्या हातानं गाळात टाकायचं! रात्रभर तळमळून, पहाटे ते शोकेसपुढं उभे राहिले. मग त्यांनी काच सरकवली आणि लँकेशायरच्या थॉमसला मखमलीवरून उचलून धोतराच्या कनवटीला लावलं.

दिघोरीत सगळा गाव लोटला होता. टाळ-मृदंग, मध्ये डोक्यावर तांब्याचं ताट घेतलेले अनवाणी ताराचंदराव, ताटात हळदीनं माखलेली माय, मागं बायका. जनाबाई काठी टेकत बोडीच्या पाळीपर्यंत आल्या. त्यांनी मायवर नव्या धानाची लोंबी ठेवली आणि लग्न करून निघालेल्या लेकीला बोलतात तसं बोलू लागल्या. "जाय माय. सासऱ्याले सांभाळून आनलं तू. मी नवी नवरी होती तवापासून तुले पायलं. जाय." बायका पदरात तोंड घालून रडू लागल्या.

ताराचंदराव कमरेइतक्या पाण्यात उतरले. त्यांना लाज वाटत होती. वाटली नव्हती असं म्हणता येणार नाही. पण ती लाज पुढं थॉमसनं बोडीत बुडी घेण्याच्या आड आली नाही. तीन वेळा ताट बुडवायचं होतं. तिसऱ्या वेळी थॉमस कनवटीतून सुटून खाली गेला आणि माय त्या जागी चढली. काठावर जयजयकार झाला. लँकेशायरचा तो बिचारा शिपाई महायुद्धातून जिवंत सुटला असेल किंवा नसेल, पण शेवटी दिघोरीच्या बोडीत, टाळमृदंगाच्या गजरात, धानाच्या लोंबीसकट गेला. एवढी इतमामाची विदाई त्याला त्याच्या देशातही मिळाली नसती.

दुपारी सुशीलाबाई दिघोरीतच राहिल्या होत्या, तेव्हा ताराचंदरावांनी लाखांदूरला परतून, मोरीत बसून, जुन्या ब्रशानं, कोमट पाण्यात ती शंभर वर्षांची हळद सोडवली. काठ उघडा झाला. आधी नंबर. मग ड्रायव्हर. मग चिंधू. मग खेचरांच्या तुकडीचं नाव.

ड्रायव्हर! तेहतीस वर्षं त्यांनी उशिरा आलेल्या ड्रायव्हरांना खिडकीतून झापलं होतं. हा एक ड्रायव्हर चार वर्षं उशिरा आला होता, स्वतःच्या तेरवीनंतर. ताराचंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, कोणी बघायला नव्हतं, त्यामुळं त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग त्यांनी डोळे पुसले, पदक पुसलं, आणि मखमलीवर अगदी मधोमध ठेवलं. पुढं सुंदर अक्षरात कार्ड लावलं. सुशीलाबाई नऊ वर्षांत त्या शोकेसकडं फिरकल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिनाला नागपूरचं प्रदर्शन होतं. तेवढे दिवस निघाले की झालं.

पण मध्ये संक्रांत होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुशीलाबाईंनी पंचवीसेक बायका बोलावल्या होत्या. जनाबाई विधवा, त्या हळदीकुंकू घेत नसत, पण भाचीला भेटायला म्हणून सून पुष्पाबाईबरोबर सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. ताराचंदराव मागच्या खोलीत, बायकांचा गलका नको म्हणून दार लोटून बसले होते. सुशीलाबाईंनी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणले होते आणि डब्यांना जागा पुरेना. नऊ वर्षांत प्रथमच त्यांनी शोकेसची काच सरकवली.

"माय बाप्पा!"

ती हाक ऐकताच ताराचंदरावांना कळलं. ते तसेच बनियनवर बाहेर आले. बायका शोकेसपुढं गोळा झाल्या होत्या आणि सुशीलाबाई मधल्या जागेकडं बोट दाखवत होत्या.

"मावशी, पाय ना! आपली पंखवाली माय! बोडीतून परतून आली!"

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. दोघी-तिघींनी शोकेसलाच लोटांगण घातलं. मग कोणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, "नवी बसवली अन जुनी परतली. हे बरं नाई बाई. दोघी कशा रायतीन?"

"पुन्हा सोडा लागते," दुसरी म्हणाली. "परतली तं अजून खोल सोडा लागते."

"वैनगंगेच्या डोहात," तिसरीनं जागा सुचवली. "इथून आताच न्या. सूर्य माथ्यावर हाये तवरी."

सगळ्यांना पटलं. पुष्पाबाईंनी ताट मागितलं. ताराचंदराव भिंतीला धरून उभे होते. नुसतं गप्प राहायचं होतं. चमत्कार झाला होता, चोरीचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि गेलं असतं ते एक पदक. देशकरांसमोर पुन्हा रिकाम्या हातानं जायचं, एवढंच. सुशीलाबाईंनी पदकाला हात घातला.

"नोका! नोका बुडवू!" ताराचंदराव ओरडले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती. "अवो, त्याच्यावर चिंधूबाचं नाव हाये! मानसाचं नाव हाये त्याच्यावर! नोका बुडवू त्याले!"

सगळ्या बायका त्यांच्याकडं वळल्या. जनाबाई खुर्चीवर बसल्या होत्या.

"कोठं हाये नाव?" त्यांनी विचारलं.

"काठावर. चारीकडून. हळदीत बुजलं होतं."

"आमाले तं कधी नाई सांगतलं सासऱ्यानं."

"त्याईले बी वाचता येत नसन, मावशी."

जनाबाईंनी हात पुढं केला. सुशीलाबाईंनी पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं तो उघडा, चकचकीत काठ चाचपला, एकदा पूर्ण फिरवून, सावकाश. हळद गेली कशी, ब्रश कोणाचा, आणि बोडीत नेमकं काय गेलं, हे सगळं त्या अंगठ्याला कळत होतं, आणि ताराचंदरावांना ते दिसत होतं.

"वाचा," जनाबाई म्हणाल्या.

ताराचंदरावांनी वाचलं. नंबर, ड्रायव्हर, चिंधू, तुकडीचं नाव.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. जनाबाईंच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी पदक पदराच्या टोकात ठेवून पक्की गाठ मारली.

"तुमी पहिल्याच दिवशी सांगत होते, जवाईबापू, का हे देवी नाई म्हनून," त्या म्हणाल्या. "तवा पटलं नाई आमाले. आता पटलं. देवी तं घरी बसली हाये नथ घालून. हे माया सासऱ्याचं हाये. अन सासऱ्याले कोनी पान्यात नाई सोडत. कोनाच्या शोकेसात बी नाई ठेवत."

"पन मावशी, मंग हे आली कशी घरी?" सुशीलाबाईंनी विचारलं. पंचवीस बायका उत्तराची वाट पाहत होत्या.

जनाबाईंनी जावयाकडं एकदा नीट पाहिलं. सुशीलाबाईंकडं पाहिलं, भाचीला याच माणसाबरोबर पुढचे दिवस काढायचे होते.

"कशी आली म्हंजे? जवाईबापूनं काढून आनली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "यायले ठाऊक होतं का नाव असन म्हनून. मले बोलले नाई, एकटेच गेले, बोडीत बुड्या मारल्या, अन गाळातून काढलं. या वयात! माया सासऱ्याचं नाव वाचून दाखवाले."

"अगो माय!" बायका म्हणाल्या.

मग काय विचारता. पुष्पाबाईंनी बनियनवरच्या ताराचंदरावांच्या कपाळाला कुंकू लावलं. कोणी हातावर तिळगूळ ठेवला, कोणी पाया पडलं, आणि सुशीलाबाईंनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडं भरल्या डोळ्यांनी पाहून प्लास्टिकचा एक डबा वाण म्हणून त्यांच्या हातात दिला. काचेमागं एकेचाळीस विजय ओळीनं उभे होते. ताराचंदरावांना त्यांच्याकडं बघवेना.

जनाबाई पदराची गाठ मुठीत धरून उठल्या. दारापाशी जावयाजवळ थांबल्या आणि पोटच्या लेकाला विचारावं तसं मायेनं त्यांनी विचारलं,

"लय थंड होतं असन नाई जी, बोडीचं पानी?"

सगळ्या बायका ऐकत होत्या.

"होतं," ताराचंदराव म्हणाले.